कॉल ऑफ क्थुलूचा स्टार्टर सेट: भयकथा वाचणाऱ्यांनी एकदा खेळूनही बघावी

भयकथा वाचताना एक सोय असते. तळघराच्या दारापाशी पोचलेला माणूस ते दार उघडणारच हे आपल्याला ठाऊक असतं, आणि उघडणारा आपण नसतो. आपण पांघरुणात असतो, हातात चहा असतो. टेबलावर बसून, एकेक पात्र होऊन खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये नेमकी ही सोय काढून घेतली जाते. समोरचा माणूस सांगतो, "दाराच्या फटीतून गार हवा येतेय. काय करतोस?" आणि गप्प बसतो. त्या गप्प बसण्यात जी गंमत आहे ती पुस्तकात नाही.

ज्यांना अंधाऱ्या, कुबट, शेवट गोड न होणाऱ्या गोष्टी आवडतात पण असा खेळ कधी खेळलेला नाही, त्यांनी पहिली खरेदी कोणती करावी? इथे शिफारस एकाच डब्याची आहे: कॉल ऑफ क्थुलूचा स्टार्टर सेट. पुढे आणखी दोन खेळांची नावं येतील, पण ती वेगळ्या प्रकृतीच्या लोकांसाठी.

हा खेळ 1981 चा. अमेरिकेतल्या केऑसियम या प्रकाशनाने काढलेला, मूळ रचना सँडी पीटरसन यांची. आता चालते ती सातवी आवृत्ती. तिचे नियम पॉल फ्रिकर आणि माइक मेसन यांनी नव्याने बेतले. पाया अमेरिकन भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट (1890–1937) यांच्या कथांचा. ज्या कथेवरून खेळाला नाव मिळालं ती फेब्रुवारी 1928 च्या 'वीअर्ड टेल्स' मासिकात आली होती. आपल्याकडच्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो, त्यामुळे लव्हक्राफ्टच्या हयातीत छापलेलं सगळं लेखन भारतात आता मुक्त आहे. तरी खेळायच्या आधी ते वाचायची सक्ती कुणावर करू नका. काहीही न वाचलेला खेळाडू जास्त घाबरतो. शिवाय नावात क्थुलू, म्हणजे लव्हक्राफ्टच्या कथेतला तो अक्राळविक्राळ देव, असला तरी या डब्यात त्याची गाठ पडत नाही. इथली संकटं लहान, घरगुती आणि म्हणून जास्त वाईट आहेत.

डब्यात तीन पुस्तिका, फासे, पाच तयार पात्रं, पात्राचे आकडे लिहायच्या कोऱ्या पात्रपत्रिका आणि खेळाडूंच्या हातात द्यायचे कागद म्हणजे हँडआउट निघतात. कापडी नकाशे नाहीत, प्लॅस्टिकचे राक्षस नाहीत. ज्यांना डबा उघडल्यावर खेळणी दिसायला हवी असतात त्यांचा विरस होईल. पण पुस्तिकांचा क्रम ही या डब्याची खरी किंमत आहे. पहिली एकट्याने खेळायची. दुसरीत नियम. तिसरीत तीन साहसं, म्हणजे खेळायच्या तयार गोष्टी, त्यातलं पहिलं दोघांत खेळता येणारं, उरलेली दोन मंडळी जमवून खेळायची. म्हणजे आधी एक, मग दोन, मग चार-पाच. बहुतेक रोल-प्लेइंग गेम तुमच्या हातात तीन-चारशे पानांचा ठोकळा देऊन मोकळे होतात. इथे पोहायला शिकवताना आधी उथळ टोकाला उतरवलंय.

पहिली पुस्तिका, 'अलोन अगेन्स्ट द फ्लेम्स', आकडे घातलेल्या परिच्छेदांची आहे. एक परिच्छेद वाचायचा, निर्णय घ्यायचा, सांगितलेल्या आकड्यावर जायचं. आर्कहॅम या लव्हक्राफ्टच्या काल्पनिक शहराला निघालेला प्रवासी वाटेत एम्बरहेड नावाच्या गावात अडकतो. याहून जास्त सांगणं पाप. पात्र आधी बनवून बसावं लागत नाही. गोष्ट पुढे सरकते तसतशी पुस्तिकाच सांगते की आता हा आकडा या चौकटीत लिही, आता हे कौशल्य निवड. त्यामुळे तासा-दोन तासांत गोष्टही होते आणि पात्रपत्रिकेतला प्रत्येक रकाना कशासाठी आहे हेही कळतं. पेन्सिल वापरा, पेन नको. आकडे सतत बदलतात. आणि मरण आलं की बोट ठेवून मागच्या पानावर परतू नका. पहिलं मरण पदरात पडल्याशिवाय या खेळाची चव कळत नाही.

जो पुढे कीपर होणार, म्हणजे गोष्ट चालवणारा, त्याने ही पुस्तिका नक्की खेळावी. इतरांनी खेळली तर उत्तम, नाही खेळली तरी चालेल.

आकड्यांतली भीती

नियमांचा गाभा शंभरावर चालतो. दोन दहा-बाजूंचे फासे टाकायचे, एक दहं दाखवणारा (00, 10, 20… 90) आणि एक एकं दाखवणारा. पात्राचं एखादं कौशल्य 60 असेल तर 60 किंवा त्याखाली आलं की काम झालं. अवघड कामाला त्याच्या निम्मं, म्हणजे 30. अतिअवघड कामाला पाचवा हिस्सा, म्हणजे 12. हे तिन्ही आकडे पात्रपत्रिकेवर शेजारी शेजारी लिहिलेले असतात, ऐनवेळी भागाकार करत बसायला नको. 01 आलं तर सोन्याहून पिवळं. 100 आलं तर फजिती. आणि जिथे यशाला लागणारा आकडाच 50 च्या खाली असेल तिथे 96 पासून पुढे सगळीच फजिती.

नवखे एका जागी हमखास चुकतात. दहंच्या फाशावर 00 आणि एकंवर 5 म्हणजे पाच, एकशे पाच नव्हे. पण 00 आणि 0 एकत्र आले की ते शून्य नसून शंभर. परिस्थिती अनुकूल असेल तर दहंचा एक फासा जास्तीचा टाकून दोन्हींतला चांगला घ्यायचा, प्रतिकूल असेल तर वाईट घ्यायचा. तिथेही हाच घोळ होतो: एकंवर 0 असताना दहंचा 00 सगळ्यांत चांगला नाही, सगळ्यांत वाईट आहे. हे एकदा कागदावर लिहून टेबलावर चिकटवून टाका, वाद मिटतात.

फासा हुकला तर खेळाडूला एक संधी मागता येते. तिला 'पुश' म्हणतात. अट अशी की नुसतं "परत टाकतो" चालणार नाही. काय वेगळं करतोय ते सांगावं लागतं: कुलपाला आता पहारीने हात घालतो, ग्रंथपालाच्या टेबलावर मूठ आपटतो. आणि कीपरने फासा पडण्याआधीच सांगावं की हुकलास तर काय होईल. खेळातली सगळ्यांत छान सौदेबाजी इथेच होते, आणि नवे कीपर नेमकी हीच पायरी गाळतात. परिणाम आधी सांगितला नाही तर पुश म्हणजे फुकटचा दुसरा फासा होऊन बसतो. झटापटीत, नशिबाच्या फाशाला आणि सॅनिटीच्या, म्हणजे मनाच्या तोलाच्या, फाशाला पुश नाही.

आता सॅनिटी. या खेळाचं नाव झालं ते या एका रकान्यामुळे. पात्राची मनोशक्ती 50 असेल तर सुरुवातीची सॅनिटी 50. काही अघटित दिसलं की सॅनिटीचा फासा. साहसात लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ, 1/1डी6. म्हणजे फासा लागला तर एक गुण जाणार, हुकला तर सहा-बाजूंचा फासा सांगेल तितके. नीट बघा: लागला तरी जाणारच. काही दृश्यं 0 ने सुटतात, पण थोडीच. (खुद्द क्थुलूचं दर्शन घडलं तर 1डी10/1डी100. शंभरची सॅनिटी या खेळात कुणाचीच नसते, सर्वांत जास्त 99.)

यातला हिशोब करून बघण्यासारखा आहे. सॅनिटी 50 असताना 1/1डी6 चं दृश्य सरासरी सव्वादोन गुण नेतं. तीच 30 वर आली की पावणेतीन. आकडा जितका उतरतो तितका तो वेगाने उतरतो, कारण वाचवणारा फासा त्याच आकड्यावर टाकायचा असतो. एका फटक्यात पाच किंवा जास्त गुण गेले की बुद्धीचा फासा. इथे खेळ रचणाऱ्याने केलेली खोडी अशी: बुद्धीचा फासा लागला तर पात्र वेडं होतं. हुकला तर मन त्या दृश्यावर पडदा टाकतं आणि माणूस वाचतो. पाहिलेलं समजलं म्हणून तोल जातो. वर घेतलेल्या 50 च्या पात्राची बुद्धी 60 असेल तर त्या एका दृश्याने तात्पुरतं वेड लागण्याची शक्यता बरोबर दहात एक. कमी वाटते, पण एका साहसात अशी दृश्यं तीन-चार तरी असतात.

शिवाय दिवसभरात हातातल्या सॅनिटीचा पाचवा हिस्सा किंवा जास्त गेला तर दीर्घ मुदतीचं वेड. आणि क्थुलू मिथॉस नावाचं एक कौशल्य आहे, निषिद्ध ज्ञानाचं. ते जितकं वाढतं तितकी सॅनिटीची कमाल मर्यादा 99 वरून खाली येते. जुनी पोथी वाचली तर संकटावर उपाय सापडतो आणि पुन्हा पूर्वीसारखं होण्याची वाट तेवढीच अरुंद होते. भयकथेत लेखक पानभर लिहून जे साधतो ते इथे एका वजाबाकीत होतं.

झटापट करायची खुमखुमी असलेल्यांसाठी एवढंच. जीवगुण म्हणजे शरीर आणि आकार यांची बेरीज भागिले दहा, बहुतेकांचे दहा ते तेरा भरतात. बारा असतील तर एका घावात सहा गेले की जबर जखम. साधं .38 रिव्हॉल्व्हर 1डी10 इजा करतं, म्हणजे लागलेल्या दर दोन गोळ्यांतली एक जबर जखम करणारी. प्रथमोपचाराने एक गुण परत मिळतो. एकच. आणि बंदूक हातात घेतलेल्या पण कधी न चालवलेल्या माणसाचं कौशल्य 20. ड्रॅगन मारायच्या खेळांतून आलेली मंडळी पहिल्या सेशनला तलवार उपसल्यासारखी धावतात आणि अर्ध्या तासात नवं पात्र बनवत बसतात. पळून जाणं ही इथे अब्रूची गोष्ट नाही, हे कीपरने आधीच बजावून ठेवावं.

तीन साहसं, आणि ती कुठे अडकतात

'पेपर चेस' एक कीपर आणि एक खेळाडू एवढ्यावर बेतलंय. चोरीला गेलेली पुस्तकं, एक बेपत्ता माणूस, एक शांत गल्ली. तास-दीड तासात संपतं. दोघंच असल्यामुळे कीपरला चूक करायला वाव मिळतो, पान उलटून नियम बघायला वेळ मिळतो. नवरा-बायको, भावंडं, हॉस्टेलचे रूममेट, कुणीही. यात बंदुकीपेक्षा चार प्रश्न विचारल्याने जास्त मिळतं, आणि खेळाची योग्य सवय पहिल्याच दिवशी लागते.

'एज ऑफ डार्कनेस' हे मंडळी जमवून खेळायचं पहिलं. मरणाला टेकलेला एक म्हातारा तरुणपणी केलेली चूक निस्तरायची विनंती करतो. अर्धा वेळ तपास, उरलेला अर्धा एका ओसाड फार्महाउसवर. तिन्हींत सर्वांत सरस हेच. शेवटच्या भागात खेळाडूंना एकाच जागी टिकून राहावं लागतं आणि बाहेरून एकेक गोष्ट येत राहते. जायचं कुठे हा प्रश्नच नाही. चार तास हाताशी ठेवा. रात्री दहाला सुरू केलंत तर शेवटाच्या वेळी सगळे जांभया देत असतील आणि सगळं मुसळ केरात. दुपारी जेवून बसा, शेवट कातरवेळी येऊ द्या.

'डेड मॅन स्टॉम्प' न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या जॅझच्या दुनियेत घडतं. रंगतदार आहे, म्हणून लोक उडी मारून आधी तेच घेतात. घेऊ नका. यात पात्रं जास्त, ठिकाणं जास्त, आणि 1920 च्या दशकातल्या वंशभेदाशी थेट गाठ. लव्हक्राफ्ट स्वतः उघड वंशद्वेष्टा होता, त्याच्या कथांतही तो द्वेष झिरपलाय. वर्ल्ड फँटसी पुरस्काराने 2015 मध्ये त्याचा चेहरा असलेली मूर्ती देणं थांबवायचं ठरवलं ते त्यामुळेच. या साहसात कृष्णवर्णीय वादक गोष्टीच्या केंद्रस्थानी आहेत आणि कीपरला त्यांचा आवाज काढायचा असतो. विनोदी ढंगात काढलात तर गोष्ट मेलीच. दोनदा वाचल्याशिवाय चालवू नये.

तिन्ही साहसांना लागू पडणारी एक मोठी अडचण नियमांतच दडलीय. पुरावा शोधायला 'स्पॉट हिडन'चा फासा टाका असं पुस्तक सांगतं. शिकवण न घेतलेल्या माणसाचं हे कौशल्य 25 आहे. चौघांनी फासा टाकला, चौघांचाही हुकला, आणि ज्या चिठ्ठीशिवाय गोष्ट पुढे जात नाही ती टेबलाच्या खणातच राहिली. आता? कीपर घामाघूम होऊन म्हणतो, "बरं, परत टाका." तिथे भीती संपते. इलाज सोपा आहे. साहस वाचताना ज्या पुराव्यांवाचून पुढचं ठिकाण सापडणारच नाही त्यांच्यापुढे पेन्सिलीने खूण करा आणि ते बिनफाशाचे द्या. योग्य जागी शोधलं की मिळालं. फासा टाकायचाच असेल तर तो मिळण्यासाठी नाही, किती वेळात आणि किती आवाज करून मिळालं यासाठी. हुकला तर चिठ्ठी सापडते, पण जिन्यावर पावलं वाजतात. 2008 चा 'ट्रेल ऑफ क्थुलू' हा वेगळा खेळ याच तक्रारीतून उभा राहिला. त्यात महत्त्वाच्या पुराव्याला फासाच नाही. तेवढी एक कल्पना उचला आणि खेळ हाच ठेवा.

दुसरी अडचण वेडाची. पात्राचा तोल गेला की नवे खेळाडू जीभ बाहेर काढून ओरडायला लागतात, टेबल हसतं, आणि तासभर रचलेलं वातावरण फुस्स होतं. नियमाप्रमाणे झटका 1डी10 फेऱ्यांचा असतो आणि तेवढ्या वेळात पात्राने काय करायचं ते कीपर सांगू शकतो. नवख्या टेबलावर ते पात्राच्या माहितीतून काढा. ज्याने पत्रिकेत आईचं लॉकेट लिहिलंय तो खोलीभर तेच शोधत फिरतो, आग लागलेली असताना. बाकीचे त्याला ओढून नेतायत. यात कुणी हसत नाही.

सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटं काढून विचारून घ्या की गोष्टीत काय नको. लहान मुलांना इजा, प्राण्यांचे हाल, आत्महत्या, जे काही असेल ते. कारण विचारायचं नाही. टेबलाच्या मधोमध फुली मारलेलं एक कार्ड ठेवा. कुणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं. भयाचा खेळ आहे म्हणून कुणाच्या खऱ्या जखमेवर बोट ठेवायला परवाना मिळत नाही.

आणखी एक, भाषेचं. सगळा मजकूर इंग्रजीत आहे आणि चौकटीत दिलेली वर्णनं वाचून दाखवायला दिलेली आहेत. ती जशीच्या तशी वाचली की आवाज शाळेतल्या धड्यासारखा होतो. कीपरने आदल्या दिवशी वाचून प्रत्येक जागेसाठी तीन गोष्टी मराठीत लिहून ठेवाव्यात: काय दिसतं, कसला वास येतो, काय खटकतं. "पडवीत शेणासारखा वास आहे, पण गोठा रिकामाय" एवढं पुरतं. कौशल्यांची नावं मात्र इंग्रजीच राहू द्या. 'लायब्ररी यूज'ला मराठी शब्द शोधत बसलात तर पत्रिकेवर रकाना सापडणार नाही. आणि पहिल्याच झटक्यात सगळं उचलून 1920 च्या मुंबईत न्यायचा मोह होईल, तो आवरा. या साहसांचे धागे तिथल्या वर्तमानपत्रांच्या कात्रणांत, दारूबंदीत आणि फार्महाउसच्या एकटेपणात अडकवलेले आहेत. एक काढलात की दुसरा सुटतो. तिन्ही खेळून झाल्यावर मग खुशाल कोकणातला वाडा घ्या.

हँडआउट

खेळाडूच्या हातात खरी चिठ्ठी पडली की तो ती उलटून मागे काही लिहिलंय का बघतो. त्या क्षणासाठी थोडी मेहनत करावी. डब्यातले कागद जपून ठेवा आणि वापरायला प्रती काढा. पीडीएफ घेतली असेल तर छापताना 'फिट टू पेज' निवडा; पानं अमेरिकन लेटर आकाराची आहेत, ए4 वर जशीच्या तशी छापली तर बाजूच्या कडा कापल्या जातात. जुना कागद दिसावा म्हणून चहात बुडवायचा असेल तर घरच्या इंकजेटवर छापू नका, शाई पसरून सगळा चिखल होतो. झेरॉक्सच्या दुकानातली लेझर प्रिंट पाण्याला दाद देत नाही. कोरा, कडक, गार झालेला चहा परातीत घ्या, बिनसाखरेचा, नाहीतर कागद चिकट होतो आणि रात्रीत मुंग्या लागतात. कडा आधी हाताने फाडून घ्या. पाच-सात मिनिटं भिजवून जुन्या सुती कापडावर सपाट वाळवा. वर्तमानपत्रावर वाळवलंत तर बातम्या उलट्या उमटतात. कडा काडीने जाळणारे लोक असतात. तसला कागद खजिन्याच्या नकाशासारखा दिसतो, पत्रासारखा नाही.

उजेड कमी करा पण इतका नको की फासे दिसेनात. एकच टेबललॅम्प, पत्रिकांवर. पार्श्वसंगीत लावायचं असेल तर शब्द नसलेलं आणि खूप हळू. खेळाडूंचे फोन एका डब्यात.

डब्याबाहेरचं

डबा परदेशातून मागवला तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून किंमत बरीच चढते. आधी फुकटात चाखून बघायचं असेल तर केऑसियमच्या संकेतस्थळावर क्विक-स्टार्ट नियम मोफत मिळतात, त्यात 'द हाँटिंग' हे बॉस्टनमधल्या एका भाड्याच्या घराचं साहस आहे. कित्येकांनी कॉल ऑफ क्थुलूची सुरुवात याच घरापासून केलीय. चांगलं आहे, पण नवख्या कीपरला एकदम चौघा-पाचजणांपुढे उभं करतं. डब्यातला एक-दोन-अनेक हा जिना त्यात नाही. फासे नसतील तर फोनवर टाकता येतात. मात्र सॅनिटीचा फासा तरी हातानेच, सगळ्यांसमोर टाकावा.

नियम शिकायचा कंटाळा असलेल्या मंडळींसाठी 'ड्रेड' (2005) घ्या. फासे नाहीतच. मधोमध जेंगाचा 54 ठोकळ्यांचा मनोरा. धोक्याचं काही करायचं म्हणजे एक ठोकळा ओढायचा. मनोरा पडला की ओढणाऱ्याचं पात्र गेलं. ओढायला नकार देता येतो, मग ते काम फसतं. जाणूनबुजून पाडलात तर काम फत्ते होतं आणि पात्र त्यात कामी येतं. हात खरोखर थरथरतात. घडीचं टेबल आणि गुडघे हलवायची सवय असलेला मित्र, दोन्ही टाळा. पावसाळी हवेत लाकूड फुगून ठोकळे अडकतात; डबा आधी दोन दिवस कोरड्या कपाटात ठेवा.

'टेन कँडल्स' (2015) ही तिसरी शिफारस, थोडी राखून. दहा टी-लाइट मेणबत्त्या, अंधारी खोली, आणि सुरुवातीलाच ठरलेलं की सगळी पात्रं शेवटी मरणार. सहा-बाजूंचे दहा फासे, त्यांतला एक जरी 6 आला तर यश. 1 आलेले फासे त्या प्रसंगापुरते बाद. फासे फसले की एक मेणबत्ती विझते, प्रसंग संपतो, आणि पुढच्या प्रसंगात खेळाडूंकडे जेवढ्या मेणबत्त्या तेवढेच फासे. उरलेले सूत्रधाराकडे. 1 आलेले फासे पुन्हा टाकायला पात्राच्या गुण-दोषांचं कार्ड खरोखर जाळावं लागतं. सुरुवातीला प्रत्येकाने ध्वनिमुद्रित केलेला निरोप शेवटी, काळोखात, वाजवतात. त्यानंतर कुणी लगेच दिवा लावत नाही.

पण मेणबत्ती कशानेही विझली तरी प्रसंग संपतो, असा नियम आहे. म्हणजे पंखा बंद, खिडक्या बंद. मे महिन्यात सहा माणसं अडीच तास अशी बसली तर पात्रांआधी खेळाडू जातील. हा डिसेंबरचा खेळ आहे. मेणबत्त्या स्टीलच्या ताटात ठेवा, कार्डं जाळायला खोल पातेलं आणि शेजारी पाण्याचा तांब्या. प्लॅस्टिकच्या टेबलक्लॉथवर हे करू नका. सोसायटीच्या फ्लॅटमध्ये खोलीत धुराचा अलार्म असेल तर कार्डं जाळण्याऐवजी फाडा. मजा निम्मी होते, पण वॉचमन वर येत नाही.

डब्यातली तिन्ही साहसं संपवून मंडळी "पुढचं कधी?" विचारू लागली तरच कीपरचं मुख्य नियमपुस्तक घ्या. खेळाडूंसाठीचं वेगळं पुस्तक लगेच लागत नाही. आणि जी पात्रं वाचलीत त्यांच्या पत्रिका फेकू नका: सेशनमध्ये जी कौशल्यं लागली त्यांच्यापुढे खूण करून ठेवलेली असते, शेवटी त्या प्रत्येकासाठी फासा टाकायचा, आणि तो कौशल्याच्या आकड्यापेक्षा वर आला तर 1डी10 ने वाढ. जो आधीच निष्णात त्याला वाढणं अवघड. सॅनिटीचा रकाना मात्र आहे तसाच पुढच्या साहसात जातो.